लेथखालचा कोबा

माझे वडील काशीराम धुरी यांना आम्ही दादा म्हणायचो. लालबागच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. बावीस वर्षं त्यांनी लेथवर शाफ्ट, बुश, पुली असलं काय काय कातलं. संप सुरू झाला तेव्हा पहिले सहा महिने त्यांनी ऐकलेल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवला. पुढच्या महिन्यात भोंगा वाजणार असं कुणीतरी सांगायचं आणि दादा घरी येऊन डबा घासून ठेवायला सांगायचे. मग वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. गिरणी उघडली तेव्हा यांच्या खात्याला कुलूपच होतं. त्यानंतर दादांनी माणसांचं बोलणं ऐकणं सोडलं नाही, पण ऐकताना ते डोळे बारीक करायला लागले.

मुलुंड पूर्वेला आमचं बैठं घर होतं आणि मागे परसात थोडी जागा. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर दादांनी ठरवलं की तिथे घरापासून वेगळी, दहा बाय बाराची शेड घालायची आणि आत स्वतःचा लेथ बसवायचा. घराला जोडून नको, कारण मशीनचा हादरा भिंतींना बसतो. भिंती, पत्रे नंतर. आधी कोबा पक्का हवा. लेथ एका बाजूला केसभर जरी खचला तरी कातलेला माल वाकडा निघतो, हे ते आईला रोज समजावत. आई, म्हणजे सुगंधा, भाजी चिरता चिरता मान हलवायची.

सिमेंट तेव्हा सहज मिळत नव्हतं. दादांनी तीन ठिकाणांहून मिळून तेरा पोती गोळा केली आणि ती बाहेरच्या खोलीत, फळ्यांवर, माझ्या खाटेशेजारी रचली. प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ते गार लागतं का बघायचे. चिमूटभर पूड पाण्यावर सोडायचे.

"ह्यात राख मिसळलेली आसतली," ते म्हणायचे.

"पण बुडली की ती," मी म्हणायची.

"उशिरा बुडली."

रेतीचा ट्रक आला तेव्हा त्यांनी मूठभर रेती उचलली आणि त्यातले चार कण जिभेवर ठेवले. खाडीची खारी रेती असेल तर सळया गंजतात. ड्रायव्हर बघतच राहिला. दादा थुंकले, पुन्हा दुसऱ्या बाजूची चाखली आणि मगच ट्रक रिकामा करू दिला.

गवंडी मिळाला धोंडिराम. घाटावरचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्याबरोबर दोन गडी. खोदाई झाली, मुरूम पडला, धुम्मसाने ठोकून झाला, वर दगड बसले. तेव्हा धोंडिराम मागच्या कोपऱ्यात उकिडवा बसला आणि सळई खुपसून बघू लागला.

"मालक, हितं खाली गाळ हाय. भर टाकलेली जमीन. ह्या कोपऱ्यात फूटभर खोल जाऊन काँक्रीट भरावं लागंल."

"म्हणजे सिमेंट किती जास्त?"

"दोन पोती."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. त्यांचा हिशोब आधीच झाला होता: सहा इंच जाडीला अकरा पोती, दोन उरतील ती उंबरठ्याला आणि बाहेरच्या गिलाव्याला.

"सहा इंच म्हणजे सहा इंच," ते म्हणाले. "लेथ मी बसवणार आहे, तू नाही."

धोंडिराम उठला, हात झटकले आणि कामाला लागला. रात्री जेवताना दादा म्हणाले, "बघलंस? पोती दिसली की गाळ दिसता." मलाही ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचं होतं आणि नेमका सकाळीच कुर्ल्याहून निरोप आला. ज्या भंगारवाल्याकडे दादांनी लेथ पाहून ठेवला होता, त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. दादा अर्धा तास अंगणात येरझारा घालत राहिले. इथे थांबावं तर लेथ जातो, तिकडे जावं तर इथे कोण बघणार? आई चेंबूरला मावशीकडे गेली होती. शेवटी त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"पोती मोज. डोळो हलवू नको."

मी कॉलेज बुडवून बसले. पण अकराच्या सुमाराला गड्यांसाठी चहा करायला आत गेले. स्टोव्ह पेटेना, पिन मारावी लागली, दूध नासलं म्हणून शेजारच्या शांताबाईंकडून आणलं. तास-दीड तास गेला असेल. परत आले तेव्हा मागचा कोपरा भरून सारखा झाला होता आणि धोंडिराम पुढच्या बाजूला रंधा फिरवत होता.

दादा लेथ पक्का करून संध्याकाळी आले. कोबा गुळगुळीत दिसत होता. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. सरळ बाहेरच्या खोलीत गेले. फळ्या रिकाम्या होत्या.

"दोन पोती खंय गेली?"

"तेराही वापरली," मी म्हटलं.

"फोडताना बघलंस काय नुसती रिकामी बघलंस?"

"रिकामी."

"आणि चाय करूक किती येळ आत होतंस?"

दादा अंगणात आले. धोंडिराम घमेली धूत होता.

"दोन पोती कुठे आहेत?"

"सगळं आत हाय, मालक."

"सहा इंचात तेरा पोती जात नाहीत. मी बावीस वर्षं मापात काम केलंय. चोरी करायची तर निदान हिशोब येणाऱ्याकडे करू नये."

गडी थांबले. कुंपणापलीकडे शांताबाई दोरीवरचे कपडे काढता काढता थांबल्या. धोंडिरामने घमेलं पालथं ठेवलं, ओले हात लेंग्याला पुसले.

"शंका आसंल तर फोडून बघा," एवढंच तो म्हणाला. थापी, रंधा, ओळंबा पिशवीत टाकून तिघेही गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

कोबा पक्का व्हावा म्हणून आठवडाभर आईने त्यावर मातीचे बांध घालून पाणी कोंडलं. दादा रोज त्यावरून चालायचे, हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकायचे. मागच्या कोपऱ्यात आवाज वेगळा येतो म्हणायचे. मला काही फरक कळत नव्हता.

"चांगलं झालंय, उगाच हात लावू नका," आई म्हणाली.

"चांगला आसता तर तो पळालो कित्याक?"

आठव्या दिवशी त्यांनी पाणी काढलं आणि त्या कोपऱ्यात छिन्नी लावली. काँक्रीट सोडत नव्हतं. दुपारपर्यंत वीतभर रुंद भोक पडलं, तळहाताला फोड आले. सहा इंचांवर दगड लागायला हवे होते. लागले नाहीत. दादांनी पट्टी घातली. नऊ इंच, अजून काँक्रीटच. ते पुन्हा ठोकायला लागले. मी बॅटरी धरून उभी. फूट झाला. दीड फुटावर छिन्नी एकदम आत गेली आणि टोकाला काळा, ओला गाळ लागून वर आली.

दादांनी तो बोटांत चोळला. मग पट्टी पुसून तिथेच बसून राहिले. आई दारात आली, तिने भोक पाहिलं आणि आत गेली.

संध्याकाळ व्हायच्या आत ते निघाले. मीही बरोबर गेले. गवंडी, बिगारी सकाळी नाक्यावर उभे राहतात, पण त्यांची वस्ती जवळच होती. धोंडिराम झोपडीबाहेर विडी ओढत होता. उठला नाही.

"फोडलं," दादा म्हणाले.

"किती?"

"तळापर्यंत."

धोंडिरामने मान हलवली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"आदल्या दिशी सांगितलं हुतं की. पुन्हा सांगितलं आसतं तर तुमी हुबं राहून थांबवलं आसतं." त्याने राख झटकली. "यंत्र खचलं आसतं तर नाव माझंच निघालं आसतं. तुमचं नाय."

गिरणीतल्या साहेबासमोर न झुकलेला माणूस, पण दादांनी हात जोडले. "चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोललो. उद्या ये, भोक भरून दे."

"म्या नाय येणार." राग नव्हता त्याच्या आवाजात. "कडा खडबडीत ठिवा, धूळ काढा, भिजवा, सिमिटाचं पाणी फिरवा आन मंग भरा. जमंल तुमाला."

दादांनी ते स्वतः भरलं. महिन्याभरात लेथ बसला. पहिल्या दिवशी त्यांनी मशीनच्या सपाट बैठकीवर काठोकाठ भरलेली वाटी ठेवून मोटर चालू केली. थेंब सांडला नाही. आसपासच्या पंपांचे, पिठाच्या गिरण्यांचे, रिक्षांचे सुटे भाग ते त्या शेडमध्ये पुढची अकरा वर्षं कातत होते. कुणी कोब्याचं कौतुक केलं की धोंडिरामचं नाव सांगायचे. फोडल्याचंही सांगायचे, लपवत नसत.

त्यांचा संशयी स्वभाव गेला असं मी म्हणणार नाही. दूधवाला, मीटर बघायला येणारा माणूस, माझ्यासाठी आलेलं पहिलं स्थळ, सगळ्यांकडे त्यांनी डोळे बारीक करूनच पाहिलं. स्थळाच्या बाबतीत ते बरोबर निघाले, तेही खरं.

सत्याऐंशी साली शांताबाईंनी मागे न्हाणी बांधायला काढली तेव्हा दादांनीच धोंडिरामला सुचवलं. तो आला. चार दिवस कुंपणापलीकडे त्याचं काम चाललं होतं. दादा तिकडे डोकावले नाहीत. शेवटच्या दिवशी मात्र मशीन बंद करून, दोन कप चहा घेऊन स्वतः गेले. मी ओट्यावरून बघत होते. दोघांनी उभ्यानेच चहा घेतला.

"हलतंय का?" धोंडिरामने शेडकडे मान करून विचारलं.

"नाही," दादा म्हणाले.

धोंडिरामने कप विसळून परत दिला आणि उरलेला गिलावा करायला वळला.