अकरा दाण्यांचा निकाल

निवडून येऊनही स्वतःचा निकाल मान्य नसलेला उमेदवार अख्ख्या देशात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. निवडणुकीला पन्नास वर्षं उलटून गेली. उमेदवार दोन, मतदार अकरा. मामा एका मताने जिंकले आणि तेव्हापासून त्या एका मताच्या मागे धावताहेत. संगमनेरला त्यांचं चांगलं प्रशस्त घर आहे, पण त्या घरात ते सलग अर्धा तास बसलेले मी पाहिलेले नाहीत. चहाचा कप घेऊन अंगणात जातात, अंगणातून गच्चीवर, गच्चीवरून गल्लीत, आणि मामी तो कप संध्याकाळी शेजाऱ्यांच्या कट्ट्यावरून आणतात.

त्याचं असं झालं. कॉलेजात असताना मामांनी आणि त्यांच्या दहा मित्रांनी क्रांती करायची ठरवली. दुष्काळाचे दिवस होते, पोटं रिकामी होती आणि डोकी तापलेली. संघटना काढली, तिला नाव इतकं लांबलचक दिलं की आज ते अकरांपैकी एकालाही पूर्ण सांगता येत नाही. मग नेता निवडायला सगळे एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात जमले. चिठ्ठ्या नकोत, कारण पोलिसांच्या हाती लागल्या तर अक्षरावरून माणूस सापडेल. म्हणून प्रत्येकाला एक ज्वारीचा दाणा आणि एक हरभरा देण्यात आला. ज्वारी म्हणजे मामा, हरभरा म्हणजे भानुदासकाका. पोत्याच्या पडद्याआड एक मडकं. त्यात एक दाणा टाकायचा आणि दुसरा मुठीत ठेवून बाहेर यायचं. मोजणीत ज्वारी सहा निघाली, हरभरे पाच. भानुदासकाका म्हणजे मामांचे जिवाभावाचे मित्र, एका खोलीत राहून एका ताटात जेवणारे. ते उठले आणि एक शब्दही न बोलता निघून गेले. संघटना दिवस मावळायच्या आत फुटली, क्रांती राहून गेली, आणि त्या दिवसापासून भानुदासकाकांनी मामांशी बोलणं टाकलं. त्यांना मतांच्या चोरीचा संशय आला असणार असं मामांनी धरलं; ती आपण केली नाही एवढं एकदा त्यांच्यापुढे सिद्ध करावं, म्हणजे अबोला सुटेल, ही मामांची आयुष्यभराची तळमळ.

त्यासाठी ते साक्षी गोळा करतात. प्रत्येक साक्षीदाराला तेच सतरा प्रश्न, त्याच क्रमाने. एका साक्षीदाराच्या नातीच्या लग्नात त्यांनी त्याला भर पंगतीत गाठला आणि जिलबी वाढणाऱ्याला थांबवून मडक्याचं तोंड केवढं होतं ते हातांनी दाखवायला लावलं. दुसरा दवाखान्यात सलाईनवर होता. मामा संत्री घेऊन गेले, खुशाली विचारली आणि मग हळूच विचारलं, मडकं डाव्या हाताला होतं की उजव्या. तो बिचारा सलाईनच्या हाताने दिशा दाखवू लागला, तेव्हा नर्सने मामांना संत्र्यांसकट बाहेर काढलं.

एवढं करून हाती काय लागलं, तर गोंधळ. तिघे म्हणतात मडकं, दोघे म्हणतात पत्र्याचा डबा. एकाला त्या दिवशी धो धो पाऊस पडत असल्याचं आठवतं, ऐन दुष्काळात. एकाच्या मते निवडणूक झालीच नाही. आणि एक जण छातीठोक सांगतो की निवडून तोच आला होता. मामा हे सगळं वह्यांमध्ये समोरासमोर मांडतात, तांबड्या पेनने रेघा मारतात आणि उठून येरझाऱ्या घालतात. त्यांच्याबरोबर बसलं की आपलाही पाय हलायला लागतो.

गेल्या महिन्यात त्यांनी मला गाडी काढायला लावली. राहिलेला एक साक्षीदार सुप्याला सापडला होता, कारखान्यातून निवृत्त होऊन तिथेच स्थायिक झालेला. सतरा प्रश्नांची त्याने काही बरी उत्तरं दिली नाहीत. मग उठता उठता स्वतःच म्हणाला, "एक सांगू का? लई भूक लागल्ती. रांगेत उभ्या उभ्या हरभरा कधी तोंडात टाकला, मलाच कळलं न्हाई. मग हातात ज्वारीच राह्यली. तीच टाकली."

"म्हणजे तुझं मत भानुदासला होतं?"

"व्हय. पन चावल्यावर काय करनार?"

म्हणजे मामा हरले होते. मला वाटलं आता हे खचणार. पण ते गाडीत बसले ते लहान मुलासारखे खूष होऊन. "जावईबापू, चोरी झाली ती भुकेनं केली, मी नाही. चला मिरजगावला." भानुदासकाकांचं मिरजगावात बियाण्यांचं दुकान होतं. अख्ख्या रस्त्यात मामांनी सीटचा पट्टा चारदा लावला आणि चारदा काढला.

भानुदासकाका दुकानात होते. काठी टेकून बसलेले, नजर शाबूत. मामा आत गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. "भान्या, तू निवडून आला होतास. पुढारीपण तुझं होतं."

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् तू कुनाला दिलं हुतं मत?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मामांनी नऊजणांना विचारला होता, त्यांना कोणीच विचारला नव्हता.

"मला," ते म्हणाले. "स्वतःला."

"ठावं हाय मला. आदल्या दिशी आपलं ठरलं हुतं, तू मला देनार, मी तुला. मी ज्वारीच टाकली. तू भाईर येऊन पानी प्यायला बसला, तवा तुजी मूठ उघडली. आत हरभरा हुता." काकांनी काठी बाजूला ठेवली. "मी हरलो म्हून न्हाई गेलो रे."

मामा तिथेच एका बियाण्याच्या पोत्यावर बसले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण फार वाईट वाटलं. इतकी धावपळ, इतक्या वह्या, आणि खरी गोष्ट पहिल्या दिवसापासून दोघांनाही माहीत. एकाला वाटत होतं ती कोणी पाहिली नाही, आणि दुसरा ती कधीतरी याच्या तोंडून ऐकायला मिळेल म्हणून थांबला होता. "चुकलं माझं," एवढंच मामा म्हणाले. काकांनी आत हाक मारून दोन भाकरी जास्त टाकायला सांगितल्या.

मामा त्या दिवशी माझ्याबरोबर परतले नाहीत. पाचव्या दिवशी एसटीने आले. मी विचारलं, इतके दिवस काय बोलत होतात. म्हणाले, क्रांतीची कल्पना मुळात कोणाला सुचली यावर वाद चाललाय. भान्या म्हणतो त्याला, पण ते साफ खोटं आहे; मिटवायला पुढच्या सोमवारी परत जायचंय. मी गाडीचं विचारलं तर नको म्हणाले. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मग कळलं की सोमवारी जाताना त्यांनी चार दिवसांचे कपडे घेतले होते आणि वही एकही नव्हती.