रायपूरचा र

मी शाळेत गेले नाही. लहानपणी कोणी पाठवलं नाही, मोठी झाल्यावर कोणी शिकवलं नाही. तरी वाचते. चिवड्याच्या पुडीच्या कागदापासून पोथीपर्यंत हाती येईल ते वाचते. लाखनीजवळ हायवेला लागून आमचं घर, अन् घरासमोर आमच्या ह्यांचं टायर-पंक्चरचं दुकान. ट्रक यायचे, तासतासभर उभे राहायचे. त्यांच्या मागच्या फळ्यांवरून मी शिकले. चालत्या ट्रकवरची अक्षरं पळून जातात, उभ्या ट्रकवरची कुठं जाणार?

ड्रायव्हरला चहा देता देता विचारायची, "भैया, ये पीछे क्या लिखा है?" तो हसत वाचून दाखवायचा. मी ते ध्यानात धरून ठेवायची अन् तो गेला की जमिनीवर कोळशानं काढून पाहायची. एकदा एका ट्रकवर 'रायपुर' होतं. मी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. पहिला आवाज अन् शेवटचा आवाज एकच निघाला. फळीवर पाहते तर पहिली अन् शेवटची खूणही एकच, पहिलीच्या बाजूला फक्त एक काठी उभी. चहा उतू गेला त्या दिवशी. अक्षर म्हणजे आवाज असतो, हे मला कोणी सांगितलं नाही. माझं मी पकडलं.

ह्यांना ते समजलं होतं. बोलले कधीच नाहीत. पण मग ट्रक आला की ड्रायव्हरला म्हणायचे, "थोडा पीछे घुमा लो, इधर छाँव है." छाँव कुठली बाप्पा, एक झाड नव्हतं तिथं. ट्रकची पाठ माझ्या चुलीकडे व्हावी म्हणून तो सारा खटाटोप.

हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं, माझ्या भाचीला. भावाची पोरगी. आई लवकर गेली तिची, म्हणून दहावीपर्यंत माझ्याचजवळ वाढली. पुढं पुण्याला गेली, सिनेमाचं शिकली. हे वारले त्याच्या दुसऱ्या वर्षी कॅमेरा अन् चार माणसं घेऊन आली.

"आत्या, तुह्या वाचण्याची शॉर्ट फिल्म करून राहिली मी," म्हणाली.

"माह्या वाचण्यात पाहण्यासारखं काय आहे?"

"तूच आहेस ना. अन् हे छोटं फक्त वानगी आहे. व्यापारी कसा पोत्यातून मूठभर धान काढून पाहते, तसं. मूठ पसंत पडली की मले मोठा सिनेमा भेटते."

मी हो म्हटलं. तिच्यासाठी काय नाही म्हणणार? चार दिवस घरात तारा अन् दिवे. म्हातारी मी मीच झाले, अन् जवानपणीची मी शेजारची सून झाली. तिला कोळसा धरता येईना, गॅसवरची पोर. एक ओळ माझ्या तोंडून अकरा वेळा म्हणवून घेतली. बाराव्या वेळी मी म्हटलं, "आता तो ट्रकच माह्याकडून ही ओळ पाठ करून घेईल." सारे हसले, अन् तेच फिल्ममध्ये राहिलं.

शेवटल्या दिवशी मी सगळ्यांसाठी वडे तळत होते. भाची कागद घेऊन आली.

"आत्या, इथं सही कर. नियमाचं आहे, सगळ्यायची घ्या लागते."

पिठाचा हात लुगड्याला पुसला अन् केली सही. न वाचता. साऱ्या जिंदगीत मी न वाचलेला तेवढा एकच कागद.

फिल्म चौदा मिनिटांची झाली. ती कुठं कुठं दाखवली, बक्षीस भेटलं, अन् मुंबईचा एक निर्माता मोठ्या सिनेमाला तयार झाला. त्या सिनेमाची कथा पोरीनं वर्षभर लिहिली. मग एक दिवस पेढे अन् कागदांचा जाड गठ्ठा घेऊन घरी आली.

"देवापुढे ठेव आत्या. वाचू नको आत्ताच. पडद्यावर पाहशील."

ती आंघोळीला गेली. मी गठ्ठा देवापुढे ठेवला, हळदीकुंकू वाहिलं, अन् पहिलं पान उघडलं. मला सांगते वाचू नको.

बाई माझ्यासारखीच, हायवेवरचं घर तसंच. पण तिथं एक मास्तर होता. शहरातून बदली होऊन आलेला, तरणाताठा. तो तिला ट्रकपाशी नेतो, फळीवर बोट ठेवतो अन् म्हणतो, बघ, रायपुरमधलं पहिलं अन् शेवटचं अक्षर सारखं आहे. ती त्याच्याकडे बघत राहते. पुढच्या पानावर तिचा नवरा येतो, तिला मारतो अन् पाटी अंगणात फेकतो. आमच्या घरात पाटी नव्हतीच कधी. ते पान मी दोनदा वाचलं.

ती केस पुसत आली. मी विचारलं, "हा मास्तर कोण होय?"

तिला समजलं. खाली बसली. "आत्या, निर्माता म्हणाला, एकटी बाई ट्रक बघून शिकते, यात दोन तास जात नाहीत. कोणीतरी समोर पाहिजे."

"समोर ट्रक होता ना."

"तसं नाही गं. माणूस लागतो. तुला नाही कळणार, सिनेमाचं वेगळं असतं."

फोनवर ती मला आपल्या बोलीत 'तुले' म्हणते. त्या दिवशी पुण्याचं 'तुला' म्हणाली.

"मास्तर काय करते मंग?"

"शिकवतो."

"अन् मी?"

"तू शिकतेस."

"म्हणजे मी काही केलंच नाही. अन् ह्यांनी, तुह्या मामाजीनं, कधी माह्यावर हात उचलला? तू दहा वर्षं या घरात होती. कधी पाहिलं?"

"नाही."

"मंग कायले लिहिलं?"

ती टॉवेलाची गाठ मारत अन् सोडत बसली. मी म्हटलं, "गावातले लोक विचारतीन, कोण होता गं तो मास्तर. मी काय सांगू? मले नाही द्यायची माही गोष्ट. दुसरी पाहा."

तेव्हा ती हळू बोलली. "आत्या, तू दिली आहेस. सही केली होती."

कागद तिच्या फोनमध्ये होता. मी चष्मा लावला. तीन पानं. तिसऱ्या पानावर ते वाक्य होतं: यावर पुढे होणाऱ्या कोणत्याही चित्रपटात आवश्यक वाटतील ते बदल करण्याचा अधिकार. कठीण नव्हतं वाक्य. वड्याचं तेल उतरवून ठेवलं असतं तर दोन मिनिटांत वाचलं असतं.

"हे तुले ठाऊक होतं?"

"सगळ्यांच्या कागदात असतं ते."

"मी ते नाही विचारलं."

तिनं फोन उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "सत्यकथा असं नाही टाकत. तुझं नावही नाही टाकत. मग चालेल?" मी म्हटलं, नाव तर आधीच खोडलं तू, मास्तर आणला तेव्हा. दुपारच्या बसनं ती गेली. पेढ्याचा डबा मी उघडला नाही, तिच्या पिशवीत परत ठेवला. तिनंही घेतला.

सिनेमाचं शूटिंग इथंच सिहोऱ्याकडे कुठं तरी झालं म्हणतात. गाडी पाठवते म्हणाली होती. मी गेले नाही.

फोन येतो तिचा, दर रविवारी. आधी मी तासभर बोलायची. कोणाची म्हैस व्याली, कोण कोणाशी भांडलं, सगळं. तीच म्हणायची, "आत्या, श्वास तर घे." आता विचारते, जेवली का? मी म्हणते, जेवली. परवा म्हणाली, "आत्या, काही सांग ना. तू आजकाल काहीच सांगत नाहीस."

त्या दिवशी आमच्या सरपंचीणबाईंनी पहिल्यांदा ट्रॅक्टर चालवला होता. अर्धं गाव तलावाच्या पाळीवर उभं राहून पाहत होतं, अन् बाईंनी ट्रॅक्टर थेट तलावात नेला. चिखलात चाकं रुतली तरी वर बसून म्हणतात कशा, "मी पाणीच पाहायला आली होती." हसून हसून माझं पोट दुखलं होतं.

"काही नाही झालं गं," मी म्हटलं, अन् फोन ठेवला.