दोन दारांची गाडी आणि आईचे गुडघे

गेल्या महिन्यात एका रविवारी माजिवड्याला गाडी बघायला गेलेले. खरं तर एकटीच जाणार होते... पण आमच्याकडे गाडी बघायला कोणी एकटं जात नाही. मुलगी बघायला जावं तसा लवाजमा निघतो. बाबा, कोपरीचा काका, आई, आणि आईच्या पिशवीत नारळ. अगं, नुसती बघायचीये, घ्यायची नाहीये, असं सांगून दमले. नारळ काही पिशवीतून निघाला नाही.

तर गाडी. सेकंडहँड कूपे. लाल, दोनच दारं, जमिनीला जवळजवळ टेकलेली. मी रोज डोंबिवलीहून नौपाड्याला माझ्या दातांच्या क्लिनिकला गाडीने येते. दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचं आणि घरी जाताना शिळफाट्याला ट्रकच्या मागे उभं राहायचं. म्हटलं, उभंच राहायचंय तर निदान आवडीच्या गाडीत राहू. कॉलेजपासूनची हौस आहे हो... बाकी काही नाही.

पण हे घरच्या ग्रुपवर टाकलं ही घोडचूक. काका म्हणाला, आपल्या रस्त्यांवर असली गाडी म्हणजे पैठणी नेसून चिखल तुडवणं. बाबांना प्रश्न पडला की गणपतीला गावी जाताना सामान काय डोक्यावर घ्यायचं? आणि मी कशालाही उत्तर दिलं की सगळ्यांचा हुकमी एक्का ठरलेला... "आणि आईचे गुडघे? तिला कसं बसता येणार?"

झालं. आईचे गुडघे खरंच दुखतात आणि त्यावर वाद घालणारी मुलगी म्हणजे नालायकच. आमच्या घरात त्या गुडघ्यांवर जेवढी चर्चा झाली तेवढी डॉक्टरकडेही झाली नसेल. आई स्वतः मात्र शेजारी बसून मटार सोलत होती.

शेवटी मी हार मानलेली. म्हटलं, एकदा चालवून हौस फिटली म्हणायचं आणि सोसायटीत सगळ्यांकडे आहे तशी पांढरी उंच गाडी घेऊन मोकळं व्हायचं.

डीलरने आधी आमच्या चौघांकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि पाचव्याला जागाच नाही म्हणून माझं आधारकार्ड ठेवून किल्ली दिली. मागे म्हणायला दोन सीट होत्या, पण पुढची सीट वाकवून आत शिरायचं. आईला ते शक्यच नव्हतं. मग बाबा आणि काका शिरले, गुडघे पोटाशी घेऊन. आईला मी हात धरून पुढे बसवलं.

आता हे सांगायला हवं की आमच्या जुन्या गाडीत पुढची सीट बाबांची. त्यांना गाडी चालवता येत नाही, ते रस्ता दाखवायला बसतात... माझ्या रोजच्या रस्त्यावरही. आई मागे. मांडीवर पिशवी, पिशवीवर पाण्याची बाटली. असं कोणी ठरवलेलं नाही, चालत आलेलं आहे.

सर्व्हिस रोडला लागले आणि मागून सुरू झालं. खड्डा बघ. ट्रक बघ. एवढी रेस कशाला? पहिल्याच स्पीडब्रेकरला खालून खर्रर्र आवाज आला आणि बाबांना काय आनंद झाला! "सांगितलेलं ना?" माझं डोकंच फिरलं. पुढचा स्पीडब्रेकर तर त्याहून उंच दिसत होता. गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, दोघं उतरा, वजन कमी होऊ दे, चालत पलीकडे या.

पण मागच्यांना उतरवायचं तर पुढच्याला उतरायला हवं. आईला म्हटलं, जरा उतरतेस का?

आई समोर बघत होती. पिशवी पायाशी ठेवलेली. बेल्ट दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"मी नाही उतरणार. तुझ्या बाजूने काढ त्यांना."

काढलं. काकाचा इस्त्रीचा शर्ट पार चुरगळलेला. स्पीडब्रेकर अलगद पार झाला, मी थांबणार तेवढ्यात आई म्हणाली, चल ना जरा पुढे. बाबा आरशात लहान होत गेले... मी थेट घोडबंदरच्या दिशेने गाडी काढली.

आईने बेल्टवरचे हात सोडले आणि पुढे वाकून बघायला लागली. मग म्हणाली, "पुढून एवढं सगळं दिसतं होय गं? इतकी वर्षं मला ह्यांचं टक्कलच दिसायचं."

मला हसू आलं. ॲक्सिलरेटरवरच्या पायात जोर आला... सिग्नलपर्यंत.

परत आलो तेव्हा बाबा आणि काका रिक्षाने येऊन आमची वाट बघत होते, तोंडं फुगवून. आईला गाडीतून काढायला मला दोन्ही हातांनी ओढावं लागलं. बाबा लगेच, बघ, गुडघे! मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. आईला विचारलं, घेऊ का? इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही.

"घे," आई म्हणाली. "बाकीचे रिक्षाने येतील."

आणि तिने पिशवीतून नारळ काढला.

आता रोजचा वैताग आहे. स्पीडब्रेकर आला की छातीत धस्स होतं, वॉचमन सोसायटीच्या गेटवर गंमत बघायला उभा राहतो, गावी जायच्या सामानाचं अजून काही ठरलेलं नाही. पण क्लिनिकला सुट्टी असली की आई चहा व्हायच्या आत साडी बदलून तयार असते. त्या एका गोष्टीसाठी बाकी सगळं माफ.

परवा बाबा हळूच विचारत होते, मला कधी बसवणार पुढे?

म्हटलं, आईला विचारा.