जमीलाआपाची अढी

केजच्या बाजारात जमीलाआपाच्या गाड्यावर सीताफळ दाबून बघितलं की हातावर चापट बसायची. गिऱ्हाईक कितीही मोठं असो. "कावून दाबायलाव ओ? डोळे उघडले का बघा फळाचे. पिकलं की ते आपून सांगतंय," असं म्हणून ती पुन्हा तराजू उचलायची. धारूरच्या डोंगरातलं कच्चं फळ आणायचं, पिकायला गवतात अढी घालायची आणि मग तिकडं फिरकायचंही नाही, ही तिची रीत.

ती आमची शेजारीण. आणि मी तेव्हा तिशीची, डी.एड. पहिल्या वर्गात पास, जगातली सगळ्यात शहाणी बाई. मुक्ता बोलताना अडखळायची, शाळेत पोरं हसायची, म्हणून आठ वर्षांच्या लेकीला मी शाळेतून काढलं आणि घरातच शाळा उघडली. पितळी घंटा आणली. भिंतीवर वेळापत्रक लावलं. एका पोरीची रांग, एका पोरीची प्रार्थना, एका पोरीची हजेरी. दहा ते पाच मला 'आई' म्हणायचं नाही, 'बाई' म्हणायचं, हा नियमही माझाच. आज त्या बाई भेटल्या तर हातावर दोन पट्ट्या देईन.

"मास्तरीणबाई, तुमच्या शाळेला रविवार हाय का न्हाई?" आपा भिंतीवरून विचारायची.

"रविवारी उजळणी असते," मी तोऱ्यात सांगायची.

सहा महिन्यांत माझं चिपाड झालं. विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा, गणित सांगता सांगता डोळे भरायचे. थकले म्हणायचीही चोरी, कारण शाळा मीच उघडलेली. नवरा एकदा "थांब की थोडं" म्हणाला, तर त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. शेवटी एका दुपारी अपूर्णांक चुकले म्हणून मी पाटी भिरकावली. मुक्तानं तुकडे मुकाट गोळा केले. रात्री जेवताना खाली मान घालून म्हणाली, "बाई, अजून एक भा... भाकरी द्या."

शाळा सुटून तीन तास झाले होते.

सकाळी मी आपाच्या ओट्यावर जाऊन रडले. "आपा, लेक मला आई म्हणेना."

तिनं समजावलं वगैरे काही नाही. "पोरीला मी गाड्यावर नेते. आठ दिस शाळा बंद. तुमी हितं बसून अढी राखा. शेळी तोंड घालती, तेवढं बघा. दुसरं काय बी करायचं न्हाई."

काही न करणं मला कुठलं जमतंय? शेळीनं तोंड घातलं नाही, मीच हात घातला. दर तासाला गवत उचकटायचं आणि एकेक फळ दाबून बघायचं. तिसऱ्या दिवशी आपानं अढी उघडली, तर फळाफळावर माझ्या अंगठ्याएवढे काळे डाग. मी मान खाली घालून उभी. तिनं एक फळ उचललं, फिरवून पाहिलं आणि पोट धरून हसायला लागली.

"मास्तरीणबाई, ही बी तुमच्याच शाळेत होती काय?"

मग ती आमच्या घरात गेली, घंटा काढून आणली आणि शेळीच्या गळ्यात बांधली. "हिथून म्होरं शेळी चरून आली की शाळा सुटली. आन् ती दुपारीच येती."

आठव्या दिवशी मी बाजारात गेले. सवयीनं हात फळाकडं गेला आणि चट्दिशी चापट बसली. आपाचे दोन्ही हात तर तराजूला होते.

"आई, दा... दाबू नको ना."

आपा काटा बघत राहिली, जसं काही ऐकलंच नाही.

दोन वर्षांमागं आपा गेली. तिच्या लेकानं घंटा आणून दिली. तोवर ती चार शेळ्यांच्या गळ्यात वाजून झाली होती. आता मुक्तानंही लेकाला घरीच शिकवायला घेतलंय. फोनवर आवाज दमलेला असतो, पण कबूल करत नाही. माझीच लेक. परवा म्हणाली, "आई, ती घंटा पाठव ना, आमच्या शाळेला होईल."

म्हटलं, "पाठवते. आधी शेळी घे."