दोन करवती आणि माझी मोजणी

गावी असताना दादा खाडीत बुडी मारायचा आणि मी काठावर बसून पाढे म्हणायचे. आमच्या घरात घड्याळ नव्हतं. बे एके बे पासून सुरुवात करायची, एकाच चालीत, मध्ये न थांबता, आणि त्याचं डोकं पाण्यावर आलं की ज्या आकड्यावर असेन तो ओरडून सांगायचा. दादाचा सगळ्यांत मोठा दम सात पंचे पस्तीसपर्यंत गेला होता. मी चौथीपर्यंतच शिकले, पण तीसपर्यंत पाढे पाठ होते आणि माझी चाल कधी घाईत यायची नाही. इतर पोरं भांडायला लागली की दादा म्हणायचा, "ही मोजताना खोटा बोलूची नाय."

लग्न होऊन मी भांडुपला डोंगराच्या अंगाच्या चाळीत आले. नवरा मुलुंडला स्कूटरच्या गॅरेजमध्ये होता. इथे मी त्याला 'तो' लिहिणार आहे. तोंडावर कधी म्हणाले नाही. त्याचा हात मशीनला लागला की मशीन पळायची, असं सगळे म्हणायचे आणि ते खरं होतं. तोच हात मला लागायचा. बहुतेक वेळा हातच, कधी पेट्रोलची नळी, आणि दोनदा क्लचची वायर. वायरीचा वळ चटकन उठत नाही. आधी पांढरा होतो, मग फुगतो. मी कोणाला काही सांगत नसे. मला चारचौघांत बोलायचीच धास्ती होती. रेशनच्या रांगेतसुद्धा माझा आवाज निघायचा नाही.

गिरण्यांचा संप फसला आणि दादा मुंबईत ज्या गिरणीत कामाला होता ती बंद पडली. वहिनीला गावी ठेवून दादा भांडुपलाच खोली घेऊन राहिला आणि आमच्या चाळीखालच्या लाकडाच्या वखारीत लागला. वखारीतून बेकऱ्यांना आणि स्मशानात लाकूड जायचं. आधी दोघे जण मोठी करवत ओढून ओंडके कापायचे. मग शेठने गोदीच्या बाजूने कुठूनतरी दोन परदेशी मशीनच्या करवती आणल्या. दोन्ही एकाच जातीच्या, जंगलात रोज झाडं पाडणाऱ्यांसाठी केलेल्या. पात्याभोवती दातांची चेन फिरायची आणि मागे छोटं इंजिन. हाताच्या पुढे एक काळी ढाल होती. मशीन उसळून अंगावर आली की ढाल मनगटावर आपटायची आणि चेन जागच्या जागी थांबायची.

मी वखारीत भुसा आणायला जायचे, भुशाच्या शेगडीसाठी. त्यामुळे त्या मशीन मला भुशावरून कळायला लागल्या. दादा कापत असला की भुसा जाड पोह्यांसारखा पडायचा, एकसारखा, गार. दादा चाप सोडायचा, चेन थांबायची, आणि तो मशीन मांडीला टेकवून दुसऱ्या हाताने घाम पुसायचा. दिवसातून शंभर वेळा. ती त्याची सवयच झाली.

नवऱ्याने एकदा ती मशीन हातात घेऊन पाहिली आणि शेठला म्हणाला, "शेठ, घोडा बांधून ठेवलाय यांनी. मला एक द्या, आठ दिवस. दोरी सोडून दाखवतो."

आठ दिवस घरात ती मशीन उघडी पडली होती. त्याने सायलेन्सर आतून पोकळ केला. सिलिंडरमधून धूर बाहेर पडायची खिडकी कानशीने घासून मोठी केली. हाताशी येते म्हणून काळी ढाल काढून फेकली. मी बाजूला भाकरी थापत होते, माझ्या पिठात लोखंडाचा कीस आला, तर मलाच थोबाडीत बसली. इंजिन मोकळं केल्यावर ते मंद चालीवर बंद पडायला लागलं, म्हणून त्याने स्क्रू आवळून त्याची चाल कायमची चढी ठेवली. त्यामुळे चाप सोडला तरी चेन फिरत राहायची. जोरात नाही, पण फिरायची.

दादाने ते पहिल्याच दिवशी पाहिलं. "भावजी, चाप सोडल्यार थांबाक व्हयी ती."

"थांबायला कशाला पाहिजे, मेव्हणे? कापायला आणलीय ना? का मांडीवर घेऊन झोपवायचीय?"

वखारीतले लोक हसले. शेठने मिटवलं. म्हणाला, रविवारी दोन्ही लावा. जिची चाल जास्त तशी दुसरीपण करून घेऊ. नवऱ्याची जिंकली तर त्याला पक्कं काम वखारीत, मशीनवाला म्हणून. तो गॅरेजात शिव्या खात स्क्रू फिरवणार की इथे बसून हुकूम देणार, ते त्या रविवारवर होतं.

तीन ओंडके ठरले, आधी आंबा, मग शिरीष, शेवटी चिंच. थांबायचं नाही. शेठच्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता. तेव्हा दादा मोठ्याने म्हणाला, "माझी भयण मोजात. ती पाढ्यांवर मोजता. ल्हानपणापासून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवरा हसला. त्याला ते आवडलं होतं.

सुरू व्हायच्या आधी त्याने आपली मशीन तापवून घेतली. कान फाटायचे तिच्या आवाजाने. मला हाक मारली, "पाणी दे गं." मी तांब्या घेऊन गेले. लोकांकडे पाठ करून त्याने माझ्या उजव्या हाताची दोन बोटं धरली आणि तापलेल्या सायलेन्सरवर टेकवली. एक क्षणच. कातडी चिकटली आणि सुटली. "नीट मोज हां," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

पहिला दादा. त्याची मशीन एका आवाजात चालली. आंब्याला जो आवाज तोच चिंचेला, जरा खालच्या पट्टीत. तो दाबत नव्हता, वजनाने पात्याला उतरू देत होता. चिंचेचा तुकडा पडला तेव्हा मी अकरा साते सत्त्याहत्तरवर होते. मी सांगितलं. माझा आवाज शेठपर्यंत पोचला नाही, दुसऱ्या कोणीतरी तो पोचवला.

मग तो. आंबा लोण्यासारखा कापला. लोक ओरडलेच. भुसा इतका लांब उडाला की माझ्या पायावर पडला. शिरीषाला दोघांचं जवळजवळ सारखं झालं. चिंच अर्धी झाली आणि इंजिनाचा आवाज पातळ व्हायला लागला. तापलं होतं ते. तो दाबायला लागला तशी चेन अडली, धूर आला, पोह्यांच्या जागी काळपट पीठ पडायला लागलं, जळक्या वासाचं. त्याने मशीन हिसकली, शिवी दिली, परत दाबली. माझी बोटं ठणकत होती. अकराचा पाढा संपला. बारा एके बारा. बारा दुणे चोवीस. बारा त्रिक छत्तीस. तुकडा पडला तेव्हा बारा चोक अठ्ठेचाळीस झालं होतं.

"बोल," तो म्हणाला. घामाने निथळत होता आणि चाप सोडूनही त्याच्या हातात चेन फिरत होती.

मी म्हणाले, "दहा आठे ऐंशी." म्हणजे दादाच्या अकराच्या पाढ्याच्या आधीच.

कोणाला संशय आला नाही. लोकांच्या कानात पहिलाच ओंडका बसला होता. दादा माझ्याकडे बघत होता. मी खाली बघितलं. शेठने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, आणि ती मशीन वखारीतल्या सगळ्यांत चांगल्या हाताला दिली. दादाच्या.

त्या आठवड्यात मला मार बसला नाही. नवऱ्याने भजी आणली. मी खाल्ली. हे लिहिताना मला त्याचीच जास्त लाज वाटते.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. सकाळचे दहा. मी पोत्यात भुसा भरत होते, दादापासून चार हातांवर. त्याने एक ओंडका संपवला, चाप सोडला, ओंडका सरकवायला हमालाला हाक मारली आणि मशीन मांडीला टेकवली. जशी तो आधीची रोज टेकवायचा. ही फिरती मशीन एवढे दिवस तो आठवणीने जमिनीवर ठेवायचा.

आवाज बदलला, एवढंच मला पहिल्यांदा कळलं. लाकडातला आवाज नव्हता तो. ओला होता. पँटचं कापड चेनमध्ये गुंडाळलं, मग मांस, आणि मशीन त्याला ओढत खाली घेऊन गेली. त्याने ती दोन्ही हातांनी उपसून फेकली. पडल्या जागी ती भुशात स्वतःभोवती फिरत राहिली, थांबेना, कोणी जवळ जाईना. गुडघ्याच्या वर पांढरं हाड दिसत होतं आणि रक्त उडत होतं. मी पोत्याची सुतळी काढून मांडीच्या मुळाशी आवळली आणि जखमेत भुसा कोंबला, मूठमूठ. मला दुसरं काही सुचलं नाही. तो लाल व्हायचा, मी दुसरा कोंबायचे. डॉक्टर नंतर मला ओरडले त्यावरून. लाकडाच्या ट्रकमधून त्याला नेला. वाटेत दादा ओरडला नाही. माझी जळलेली दोन बोटं त्याने मुठीत धरली होती आणि इतकी दाबली की खपल्या निघाल्या.

जखम चिघळली. पाचव्या दिवशी दवाखान्यात त्याचा पाय मांडीतून कापला. त्याला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

तो शुद्धीवर आला आणि बोलायला लागला तेव्हा मी त्याच्या खाटेशी बसून सांगितलं. "दादा, त्या दिवशी मी खोटं मोजलं."

"ठावक असा माका," तो म्हणाला.

"तुला कसं?"

"मी पण मोजीत होतंय गो. मास्तर काय तुझो एकटीचोच होतो?"

"मग बोलला का नाहीस?"

त्याने पायाच्या जागी सपाट पडलेली चादर नीट केली. "बोललंय असतंय तर घराकडे त्येना तुझी हाडां मोडली असती."

मला रडू आलं नाही. मला दादाचा राग आला, खूप, आणि मग माझा. दोन माणसांनी एका माणसाच्या हाताला भिऊन तोंड बंद ठेवलं होतं, आणि पाय गेला होता तो भिण्यात.

दवाखान्यातून मी घरी न जाता सरळ वखारीत गेले. नवरा तिथेच होता. गोणपाटावर दुसरी मशीन, चांगली असलेली, तिचा सायलेन्सर आणि काळी ढाल सुटी करून ठेवली होती. हातात पाना. कोपऱ्यात एक नवा कामगार ती पहिली मशीन पुसत होता. आता ती त्याला मिळणार होती. नवरा शेठला सांगत होता, "मशीन एक नंबर आहे, शेठ. गिरणीवाल्याला अक्कल नाही, चालू मशीन कोण मांडीवर ठेवतं?"

मी म्हणाले, "बारा चोक अठ्ठेचाळीस."

"काय?" शेठ म्हणाला.

"यांच्या मशीनला बारा चोक अठ्ठेचाळीस लागले. दादाच्या मशीनला अकरा साते सत्त्याहत्तर. मी खोटं सांगितलं होतं."

पाना माझ्या तोंडावर बसला. मी भुशात पडले. तोंडात काहीतरी खडा फिरत होता, तो दात होता. त्याने मला केसांनी धरून उठवलं आणि म्हणाला, "परत बोल."

मी परत बोलले. रक्त त्याच्या शर्टावर उडालं. त्याने पोटात लाथ घातली. मी परत बोलले. तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, पण आकडा कळत होता. तिसऱ्यांदा त्याने पाना उचलला तेव्हा त्या नव्या कामगाराने आणि हमालांनी त्याला मागून धरलं. एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा दिसलं की त्याला धरता येतं. दोन हमाल पुरले.

शेठ उठला, घासलेली मशीन स्वतः सुरू केली, चाप सोडला आणि खाली ठेवली. चेन फिरत राहिली. शेठ तिच्याकडे बघत उभा राहिला आणि सगळेच बघत राहिले. पेट्रोल संपेपर्यंत ती फिरत होती.

"ही आता कोणी चालवायची नाही. ती दुसरी होती तशी जोड," तो नवऱ्याला म्हणाला. "आणि मग परत इथे येऊ नको."

त्याने जोडली. काम चोख केलं. ढालही परत बसवली. मशीनचं काम त्याला खरंच येत होतं.

मी त्याच्या घरी परत गेले नाही. दादाला कोणीतरी लागणारच होतं, मी त्याच्या खोलीवर राहिले. नवरा दोनदा दारात आला, शिव्या दिल्या, कडी वाजवली. दादा कुबडी हातात घेऊन आत बसून राहिला. मी दार उघडलं नाही.

पुढे शेठने दादाला वखारीत चेनला धार लावायला बसवला. मी त्याला सकाळी सोडायला जायचे आणि भुसा भरून आणायचे. कापणारा माणूस मशीन सुरू करायचा, तेव्हा दादा कानस थांबवून म्हणायचा, "सोड बघया चाप." तो सोडायचा. मी बे एके बे म्हणायच्या आत चेन थांबलेली असायची. मगच दादा मान हलवायचा, आणि मग कापायला सुरुवात व्हायची.