कॅनमधलं पॉलिश

पॉलिशचा नवा कॅन उघडला, की त्या गोडसर वासानं मला मारेगावच्या आमच्या गाड्यांच्या वॉशिंग सेंटरची सुरुवात आठवते. नवऱ्याला व्हिडिओत पाहिलेल्या, गाडीशौकिनांच्या इवल्याशा महागड्या पॉलिशच्या डब्याच आणायच्या होत्या. मी स्वस्तातल्या मोठ्या कॅनवर अडून बसले. शेवटी आमच्याच काळ्या गाडीच्या बोनेटवर मधोमध चिकटपट्टी लावली. अर्ध्यावर त्याची डबी, अर्ध्यावर माझा कॅन. कुठं काय लावलंय हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं. "सांग माय, कोणती बाजू चांगली?" त्यानं विचारलं. त्या दोन्हीकडं वाकल्या आणि माझ्या बाजूच्या चकाकीत बघून कपाळाचं कुंकू सारखं करू लागल्या. "इकडं बराबर दिसून राह्यलं बापा!" नवऱ्यानं पट्टी काढून टाकली. आजही तो जवळ असला, की मी मुद्दाम बोनेटमध्ये बघून टिकली नीट करते.