दोन्ही हात किटलीला

कौशल्याबाईंचं नाव आधी घेतो, मग देवाचं. देव रागावणार नाही, कारण त्या संध्याकाळी त्यांना माझ्याकडे त्यानेच पाठवलं, असं मी मानतो. इतरांनी काय मानावं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मी नरखेड तालुक्यातला, घराण्यातला पहिला पदवीधर. बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. गावात मला अजून साहेब म्हणतात, आणि हा साहेब रोज पीत होता. आमच्याकडे दारू सोडायची म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालायची आणि देवासमोर जन्मभराची शपथ घ्यायची. मीही घातली. पण माळ घालून पिणं पाप, म्हणून पिण्याआधी ती काढून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवायचो आणि सकाळी आंघोळ करून पुन्हा घालायचो. यात देवाचा मान राखला जातो, असंच मला वाटायचं. एका सकाळी सुनंदा, माझी बायको, खिळ्याकडे बघत म्हणाली, "देवाले तरी सुट्टी द्या जी. रोज काढून-घालून त्याचीच दमछाक होऊन राहिली." ती हसली नाही. दुपारी मुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आता शपथ नका घेऊ. मले ऐकवत नाही."

त्यानंतर देव्हाऱ्यासमोर उभं राहायचीच भीती वाटू लागली. शपथ मोडलेल्या माणसाने मागायचं तरी कोणत्या तोंडाने? सुनंदा परत येईल की नाही, या विचाराने जेवण जात नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक फोन नंबरही दिला. फोनवर पलीकडचा माणूस म्हणाला, रविवारी संध्याकाळी सक्करदऱ्याजवळच्या शाळेत आमची बैठक असते, सगळे दारू सोडू बघणारेच असतात, आडनाव कोणी विचारत नाही.

बसमध्ये वाटभर मी चढणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघत होतो. कारखान्यातलं कोणी दिसलं तर? तिथे पुन्हा शपथ घ्यायला लावली तर? आणि पोहोचलो तर शाळेच्या फाटकाला कुलूप. परीक्षेमुळे खोली मिळाली नव्हती, हे मला नंतर कळलं. रस्त्यापलीकडे बारचा बोर्ड नुकताच पेटला होता. मला वाटलं, देवाने उत्तर दिलं. मी रस्त्यावर पाऊल टाकलं.

"काहून गा भाऊ, मीटिंगले आले का?"

मागे साठीच्या एक बारीकशा बाई उभ्या होत्या. पायाशी टॉवेलात गुंडाळलेली चहाची मोठी किटली. त्याच कौशल्याबाई. मी चक्क खोटं बोललो, "नाही, मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायची होती."

"रविवारी? गुरुजी घरी झोपले असतीन. प्रवेश होईल तेव्हा होईल, तोवर हे धरा. आज जागा बदलली, विहाराच्या बाजूच्या खोलीत आहे. मले ही उचलून नाही राहिली."

"मावशी, माझे हात थरथरतात."

"दिसून राहिलं मले. म्हणूनच दोन्ही हातानं धरा. चहा सांडला तर सारे शिव्या मले देतीन, तुम्हाले नाही."

किटली जड होती, गरम होती. दोन्ही हात गुंतले होते आणि नजर तिच्या तोटीवर. बार कधी मागे पडला, कळलं नाही. बाई बोलतच होत्या. त्यांच्या नवऱ्याने याच बैठकीत पिणं सोडलं होतं. तो वारला, पण बैठकीसाठी त्यांचा चहा सुरूच राहिला. "पेत होता तेव्हा मले मारे. सोडल्यावर चहाले नावं ठेवे. त्यापरीस हे बरं होतं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

खोलीत सतरंजीवर माणसं बसली होती. एकेक जण पहिलं नाव सांगून आपली हकिकत सांगत होता. माझी पाळी आली तेव्हा मी मान खाली घालून शपथेची वाट बघत राहिलो. एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "आज दारू घेतली का?"

"नाही."

"झालं तर मग. आजचंच बोला."

मला रडू कोसळलं. जे माझ्या हातात कधीच नव्हतं, ते सगळं आयुष्य मी देवाला देऊ करत होतो. त्याला माझ्याकडून आजचा दिवस हवा होता, आणि तोही सांभाळायला तो तयार होता. तेव्हापासून मी दर रविवारी जातो.

पुढे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कौशल्याबाई चंद्रपूरला लेकीकडे गेल्या. त्यांना मी हे पत्र पाठवलं:

आदरणीय कौशल्याबाई,

सप्रेम नमस्कार. ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला.

मागच्या आठवड्यात चुलतभावाचं लग्न होतं. मंडपामागे मंडळी प्यायला बसली होती, मलाही हाक आली. मी पंगतीत वाढायला उभा राहिलो आणि जेवणं होताच एसटी पकडली. भीती गेलेली नाही. सकाळी माझ्याआधी तीच उठते. मग मी देवाकडे एक दिवस मागतो.

काल सुनंदा आली. मुलीची शाळा सुरू होते आहे, एवढंच म्हणाली. बॅग अजून उघडलेली नाही. पूर्वीचा मी असतो तर लगेच काहीतरी वचन देऊन बसलो असतो. काल फक्त विचारलं, भाजी कोणती करू? ती म्हणाली, वांगी आहेत का? वांगी नव्हती. मी पिशवी घेऊन निघालो तर मुलगी म्हणाली, "बाबा, मी येऊ?" सुनंदाने माझ्याकडे नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तिला म्हणाली, "चप्पल घालून जाय."